बिनसाखरेचा चहा

तीन आठवड्यांपूर्वी रिपोर्ट आला. एचबीएवनसी ८.२. साडेसहा किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, आणि हा आकडा एका दिवसाचा नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. आईचा पाय आठवला. तिची जखम महिनोन्महिने भरत नव्हती.

मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, जेवणानंतर घेते. पहिले चार दिवस पोट बिघडलं, मग सरावलं. चहा मात्र फार जड गेला. दोन चमचे साखरेचा एक केला, मग अर्धा, आता नुसता आल्याचा. भात वाटीभरच, तोही उसळ-कोशिंबीर आधी खाऊन.

परवा ह्यांनी न बोलता साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि स्वतःचाही चहा बिनसाखरेचा मागितला. मी ओट्याशीच रडले.