पुरुमेंताच्या बरण्या आणि मिठाचा हिशेब

गोव्यातल्या घरात मीठ कमी करायचं तर आधी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, बरण्यांकडे बघावं लागतं. खारे बांगडे, खारातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लोणचं... यांतून पोटात जाणारं मीठ कोणी मोजतच नाही.

मी सुरुवात वजनकाट्यापासून केली. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही चौघं, म्हणजे वीसच्या आत. त्यातून पावातल्या आणि लोणच्यातल्या मिठाचा वाटा सोडून स्वयंपाकापुरतं 12 ग्रॅम सकाळीच वाटीत काढते. चमच्याच्या मापावर जाऊ नये. मिठागराचं जाडं मीठ चमच्यात विरळ बसतं, बारीक मीठ दाटून, त्यामुळे चमचा तोच ठेवून जाड्यावरून बारकावर गेलं की मीठ नकळत वाढतं. जाड्या मिठात सहसा आयोडीनही घातलेलं नसतं, म्हणून वाटीत आयोडीनवालंच.

या आकड्यावर एका दिवसात उडी मारली तर जेवण अळणी लागतं आणि हात पापडाकडे जातो. दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करावं. जिभेला सरावायला काही आठवडे लागतातच.

हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, आगळ घालायचं असेल तर ते आधी. आगळात मुळातच भरपूर मीठ असतं. उकळी आली, रस हवा तेवढा आटला, की चाखून मगच मीठ. आधी घातलं तर आटता आटता खारट होतं. ताजी बिंबलं (आंबट फळं) मिळाली तर उत्तमच: आंबटपणा येतो, मीठ येत नाही. तिरफळं (माशांच्या कालवणातला मसाला) मात्र हात राखून टाकू नयेत. पेज बिनमिठाची.

खारा बांगडा अख्खा भिजवला तर जाड मांसातलं मीठ आतच राहतं. तुकडे करून कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी बदलून पुन्हा तेवढंच. ते पाणी ओतूनच टाकायचं. एवढं करूनही तो खाराच लागतो, म्हणून किस्मुरात (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीत) वेगळं मीठ नाही; ओलं खोबरं आणि कांदा सढळ हाताने. त्या दिवशी वाटीतलं मीठही कमी काढायचं आणि तोरं बरणीतच.

पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ.

कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर अंगात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणूच नये.