ड्रॅगन पाहायला आलेले आणि शिव्या ऐकायला आलेले

शुक्रवारी बाराचा शो चालू असतानाच प्रोजेक्टरच्या केबिनपर्यंत दोन तक्रारी आल्या. खालच्या स्टॉलमधून, "काऊन बे, आवाज गेला का?" आणि बाल्कनीतून, "भाऊ, आवाज कमी करा. अन् हे काय लावून राह्यले तुम्ही?"

सिनेमा इंग्रजीतून हिंदीत डब केलेला. तलवारी, जादूगार, राक्षस आणि कमरेखालचे विनोद. नागपुरात बर्डीच्या सिंगल स्क्रीनला असा माल नवा नाही, पण पोस्टरवर भलामोठा ड्रॅगन आणि 'ए' कोपऱ्यात बारीक. त्यामुळे पोरांना घेऊन आलेली कुटुंबं गेटवरच अडली. 'यूए १६+' असतं तर आईबापांच्या जबाबदारीवर सोडता आलं असतं. 'ए'ला १८च्या खालचं पोर कडेवर असलं तरी आत जात नाही. खिडकीवरची तिकिटं परत घेतली. ऑनलाइनवाल्यांशी मात्र गेटकीपरला बराच वेळ हुज्जत घालावी लागली.

आवाज गेला नव्हता. सेन्सॉरने शिव्या म्यूट केल्या होत्या. खात्री करायची तर केबिनच्या मॉनिटरवर आवाजाचं एकेक चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरकडे जाणारा आवाज, वेगळा ऐकायचं. संवाद मधल्या स्पीकरवर असतात. तो गप्प आणि डावी-उजवीकडे संगीत चालू, तर शब्द कापलाय. इथे काही ठिकाणी सहाही चॅनेल क्षणभर शून्य होत होते, म्हणून लोकांना मशीन बिघडल्यासारखं वाटलं. तीनच्या शोला त्याच टाइमकोडवर, म्हणजे सिनेमातल्या त्याच सेकंदाला, तीच शांतता आली. म्हणजे दोष फाइलमध्येच, अॅम्प्लिफायरला हात लावायचं कारण नाही. गंमत अशी की स्टॉलमधली पोरं तोवर गाळलेला शब्द स्वतःच ओरडून भरू लागली होती. सेन्सॉरने कापलेलं सगळं बाल्कनीला दुप्पट ऐकू गेलं.

खरी अडचण फेडरची, म्हणजे हॉलचा आवाज कमीजास्त करायच्या बटणाची. साउंड प्रोसेसरवर प्रमाण पातळी ७, पण हल्लीचे सिनेमे बहुतेक थिएटरांत त्याच्या खालीच चालतात. आम्ही ५.५वर सुरू केला. भरल्या हॉलमध्ये माणसं आवाज शोषतात, शिवाय एका विनोदावरचं हसू पुढचा संवाद गिळतं. म्हणून स्टॉलला ६ हवा. अर्धा आकडा वाढवला की जेमतेम पावणेदोन डेसिबल वाढतात, पण ड्रॅगनची डरकाळीही तेवढीच वाढते आणि बाल्कनीतली मंडळी कानांवर हात ठेवतात. नुसता मधला स्पीकर चढवावा हा मोह प्रत्येक नव्या ऑपरेटरला होतो. करू नये. ती पातळी माइक लावून जुळवलेली असते, पुढच्या सिनेमाचे संवाद बोंबलतात. ५.७वर ठेवला. दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज राहिल्या.

मूळ सिनेमात इंटरव्हल नव्हतंच. प्लेलिस्टमध्ये सिनेमा थांबवायचा क्यू आपणच टाकायचा, आणि विनोदी सिनेमात तो बरोबर मध्यावर टाकायचा नसतो. हशा ओसरून दृश्य काळं होतं तिथे टाकायचा. नाहीतर विनोदाचं शेपूट समोशासोबत बाहेर जातं.

इंटरव्हलनंतर बाल्कनीत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. नऊच्या शोला मात्र बाल्कनीतही कॉलेजची पोरं; तिथूनही शिट्ट्या, कुणाची तक्रार नाही. शनिवारसाठी मॅनेजरने दुपारचे दोन शो ५.५ आणि रात्रीचा ६ असं लिहून दिलं, आणि ड्रॅगनच्या जबड्यावर हातभर 'ए' चिकटवला.