खवल्यांची साक्ष

यहुदी परंपरेतील प्राण्यांचा विषय निघाला की सिंहाचा मान पहिला असतो. यहुद्यांचा मूळपुरुष याकोब याने आपल्या मुलांना दिलेल्या अखेरच्या आशीर्वादात यहूदाला सिंहाच्या छाव्याची उपमा दिली आणि तोच सिंह पुढे सिनेगॉगमधल्या (यहुदी प्रार्थनागृहांतल्या) तोरेच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, कपाटांवर येऊन बसला; त्याच आशीर्वादातली नफतालीची हरिणी आणि बेन्यामीनचा लांडगा युरोपातील यहुदी पुरुषांच्या नावांत शिरले. ही मंडळी रुबाबदार आहेत याबद्दल वाद नाही, पण यहुदी असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्याच्याभोवती खरोखर फिरतो तो प्राणी, माझ्या मते, मासा आहे.

तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मशास्त्रावरील चर्चांच्या प्राचीन संग्रहात, रब्बी (धर्मगुरू) अकिवांची एक कथा आहे. रोमन सत्तेने तोरेच्या अध्यापनावर बंदी घातली असतानाही अकिवा उघडपणे शिकवीत होते, तेव्हा पप्पुस नावाच्या गृहस्थाने त्यांना विचारले, की तुम्हाला सत्तेची भीती वाटत नाही का. अकिवांनी उत्तरादाखल गोष्ट सांगितली. नदीकाठाने जाणाऱ्या कोल्ह्याला मासे सैरावैरा पळताना दिसले. कशाला भिता, असे त्याने विचारले, तेव्हा माणसांनी टाकलेल्या जाळ्यांना भितो, असे मासे म्हणाले. मग कोल्ह्याने सुचवले, की कोरड्या जमिनीवर या, आपले पूर्वज जसे एकत्र राहत होते तसे आपणही राहू. पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला हा गोड आवाज ओळखीचाच वाटेल. माशांनी उत्तर दिले, की सर्व प्राण्यांत शहाणा म्हणतात तो तूच का? तू तर मूर्ख आहेस. जिथे आम्ही जगतो तिथेच एवढे भय असेल, तर जिथे आमचा मृत्यू ठरलेला आहे तिथे किती असेल! पुढे अकिवांना अटक झाली, आणि परंपरा सांगते की हालहाल होऊन मरताना त्यांच्या ओठांवर ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना होती.

इथे पाणी म्हणजे तोरा, एवढे स्पष्टच आहे. मला अधिक लक्षणीय वाटते ते हे, की माशांना आपण मासे आहोत हे सिद्ध करावे लागत नाही. कोल्हाही त्यांच्या मासेपणाबद्दल शंका घेत नाही. तो फक्त ते सोडून देण्याचे आमंत्रण देतो.

माशाला शास्त्रातही स्वतंत्र कसोटी आहे. तोरेतील लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पंख आणि खवले असलेले जलचर तेवढेच खाण्यास योग्य मानले आहेत, आणि ज्याला खवले असतात त्याला पंख असतातच, असे तालमूदकारांनी ठरवल्यामुळे व्यवहारात नजर खवल्यांवरच जाते. ही चिकित्सा इतकी कसोशीची आहे, की नीतिमानांच्या अंतिम मेजवानीत वाढला जाणारा लिवयाथान हा प्रचंड समुद्रप्राणीसुद्धा शुद्ध मासाच आहे, हे सांगण्यासाठी बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकातून त्याच्या खवल्यांचा दाखला काढलेला आहे.

हाच नियम कोकणच्या किनाऱ्यावर एका समाजाच्या ओळखीची कथा झाला. हा समाज म्हणजे कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढच्या पिढ्या तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखल्या जात. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली गेली होती, उरला होता तो मुख्यतः ‘शेमा’, म्हणजे अकिवांच्या ओठांवरची तीच प्रार्थना. मग दाविद राहाबी नावाचा एक यहुदी आला. परंपरा त्याला बराच प्राचीन मानते, तर काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. त्याने या लोकांची परीक्षा घेण्यासाठी घरातील स्त्रियांना निरनिराळे मासे एकत्र करून रांधायला दिले. स्त्रियांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, आणि राहाबीला खात्री पटली. त्याने तीन पुरुषांना धर्मशिक्षण देऊन काजी, म्हणजे समाजाचे धार्मिक प्रमुख, नेमले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर ही त्यांची घराणी कथेने लक्षात ठेवली आहेत. ज्यांच्या निवडीवर सारा निकाल लागला त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव मात्र कथेने ठेवलेले नाही, आणि हे मला खटकते.

कोळंबी, खेकडे, मुशी जिथे शेजारच्या घरी सहज शिजतात, त्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या ती न खाणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही शेजाऱ्यांना त्यात नवल वाटले नसावे, कारण जातीजातीचे खाण्याचे नियम वेगळे असलेल्या गावात आणखी एका जातीचा आणखी एक नियम सहज सामावतो. अकिवांच्या माशांपुढे जाळे होते आणि कोल्हाही होता. कोकणातल्या या माणसांना यहुदी असल्याबद्दल कोणी छळले नाही, की पाण्याबाहेर या असा आग्रहही धरला नाही. धोक्यामुळे नव्हे, तर सवयीमुळे टिकलेली ओळख म्हणून राहाबीची कथा मला वेगळी वाटते. ती घडली कधी, हा वाद त्यामानाने दुय्यम आहे.

ओळखीचा खरा पेच उभा राहिला तो हा समाज इस्राएलला गेल्यावर. 1962 मध्ये तेथील मुख्य रब्बीसंस्थेने बेने इस्राएलींच्या विवाहापूर्वी आईकडची वंशावळ शक्य तितकी मागेपर्यंत तपासावी, अशा सूचना काढल्या. राहाबीने स्त्रियांच्या हातांकडे पाहिले होते. इथे त्यांच्या आज्या-पणज्यांचे दाखले हवे होते, आणि नवगावच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्यांकडे ते कुठून असणार! समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएली सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका घेतली, आणि त्यानंतर रब्बीसंस्थेने सूचनांमधून या समाजाचा नावानिशी असलेला उल्लेख काढून टाकला. ज्यांच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याची तरतूद मात्र कायम राहिली.