शूटिंगला माईक असतोच, मग तुम्ही काय करता?

बेळगावात घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. गोवावेसला, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर टिळकवाडीच्या रेल्वे गेटात फाटक पडलं होतं तेव्हा शेजारच्या स्कूटरवरून. आत्या दर दिवाळीला विचारते, "मुंबईत नक्की काय करुलालास रे? गाणी करतोस काय?" गाणी मी करत नाही, संगीतकार वेगळा असतो. मी साउंड डिझायनर. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

शूटिंगला माईक असतो, खरं आहे. पण तो फक्त बोलणं धरायला असतो. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माईक, धरलेला माणूस नटाच्या तोंडाशी जितकं जाता येईल तितकं जातो, कारण त्याला बाकी काही नकोच असतं. जनरेटर नको, रस्ता नको, गल्लीतलं कुत्रं नको. त्यामुळे एडिटिंग होऊन सिनेमा माझ्याकडे येतो तेव्हा त्यात माणसं बोलत असतात आणि त्यांच्याभोवती काहीच नसतं. दार, पाऊल, भांडं, वारा, लांबून जाणारी रेल्वे, हे सगळं मग बसवावं लागतं. आणि कुठे काहीच वाजवायचं नाही, तेही ठरवावं लागतं.

१९३२ साली प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला, तेव्हा नट कॅमेऱ्यापुढेच बोलत आणि स्वतःच गात. पुढे घरघरणारे कॅमेरे आणि गोंगाटाच्या जागा यांमुळे सगळं बोलणं स्टुडिओत पुन्हा म्हणून घ्यायची, म्हणजे डबिंगची सवय पडली. २००१ च्या 'लगान'मध्ये एवढी गर्दी असूनही जागेवरचा आवाज वापरला गेला. २००९ साली रसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेर'च्या आवाजासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा कुठे माझ्या बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "आमचा पोरगा त्याच कामात आहे." पूकुट्टी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. मी मात्र तिथे गेलो नाही, एका रेकॉर्डिस्टच्या हाताखाली केबल गुंडाळण्यापासून सुरुवात केली.

पण कान तयार झाला तो बेळगावच्या वडगावात. आमचे चार यंत्रमाग होते. घराच्या मागच्या खोलीत दिवसभर खटखट चालायची आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाही, इतकी अंगवळणी पडलेली. मात्र चारांतला एक थांबला की बाबा जेवता जेवता ताटावरून उठायचे. बाण्याचा धागा तुटलेला असायचा. चालू असलेला आवाज ऐकू न येणं आणि बंद पडलेला तेवढाच ऐकू येणं, हे मी तिथे बघितलं. थिएटरातला प्रेक्षकही असाच ऐकतो. रातकिडे चालू आहेत हे त्याच्या ध्यानात येत नाही, पण ते गप्प झाले की तो खुर्चीत सावरून बसतो.

पहिल्याच मोठ्या कामात माझ्याकडून चूक झाली. शॉट संपला की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, याला रूमटोन म्हणतात. पॅकअपची घाई होती, लोक निघाले होते, मी धीर करून थांबवलं नाही. पुढे बोलणं साफ करणाऱ्याला शब्दाशब्दांमधून अर्ध्या अर्ध्या सेकंदाची शांतता खरवडून जोडावी लागली. तीन रात्री गेल्या त्याच्या. तेव्हापासून मी कुणाचीही घाई ऐकत नाही.

फॉलीबद्दल सांगायला मला सगळ्यात आवडतं. पडद्यावर नट चालतो, त्याची पावलं स्टुडिओत एक कलाकार पडद्याकडे बघत बघत वाजवतो. एका चित्रपटात शेतकरी होता, पायात कोल्हापुरी. स्टुडिओतली चप्पल फॅशनची, रबरी तळाची, फटफट वाजायची. मी अथणीहून दोन जोड आणले. (कोल्हापुरीचं २०१९ चं जीआय मानांकन, म्हणजे मूळ ठिकाणावरून मिळणारा नावाचा हक्क, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात आपला बेळगाव आहे, हे मुंबईत सांगावं लागतं.) नवा कोरा जोड करकरला. दुसरा चार महिने तेल पिऊन मऊ झालेला, तो टाचेला नुसता चटकायचा. लग्नाला निघालेल्या माणसासाठी पहिला, रोज बांधावर जाणाऱ्यासाठी दुसरा.

गोकाकचा धबधबाही तसाच. ऐन पावसाळ्यात झुलत्या पुलावरून रेकॉर्ड केला आणि ऐकला तर सिग्नल गेलेल्या टीव्हीसारखी नुसती खरखर. बावन्न मीटरवरून कोसळणारं पाणी डोळ्यांना भव्य दिसतं, पण माईकला जवळून सगळं एकच. मग लांबून एक घेतला, कडेला खडकावर निथळणाऱ्या पाण्याचा एक घेतला, दोन्ही एकमेकांखाली लावले, तेव्हा तो धबधबा झाला.

आणि तयार आवाजांची लायब्ररी. तिच्यात सगळं मिळतं, म्हणून तिच्यावर माझा राग आहे. पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा पक्षी डिसेंबरच्या थंडीत खानापूरच्या रानात ओरडतो, कारण कुणीतरी 'जंगल' असं शोधून पहिलीच फाइल टाकली. ज्याच्या आज्ज्यानं पावशाच्या 'पेरते व्हा'वर पेरणीचा अंदाज बांधला, त्याला ते ऐकून काय वाटेल? बाजाराचंही तसंच. बेळगावची खडेबाजार दाखवायची आणि मागे दादरची भाजीमंडई वाजवायची, हे मला सहन होत नाही. आपल्या बाजारात भाव कन्नडमध्ये विचारतात, घासाघीस मराठीत होते, मधेच कुणीतरी उर्दूत हाक मारतो. गर्दीतला एक शब्दही प्रेक्षकाला कळला नाही तरी चालेल, पण त्या तिन्ही भाषांचे चढउतार तिथे हवेतच. त्यासाठी मी शनिवारी दोन तास रेकॉर्डर पिशवीत लपवून हिंडलो आहे.

तुमच्यापैकी काहींच्या मुलांना हे काम करायचं आहे. पैसा सुरुवातीला बेताचा असतो, कामं तोंडओळखीनं मिळतात, झोपेच्या वेळा राहत नाहीत. एवढं सांगूनही तो यायचं म्हणत असेल तर त्याला महागडा माईक घेऊन देऊ नका. मोबाइलवर आपल्याच गल्लीची पहाट, दुपार आणि रात्र रेकॉर्ड करायला सांगा आणि आठवड्यानं डोळे मिटून कुठली कुठली ते ओळखायला सांगा.

गेल्या मे महिन्यात आमचा शेवटचा माग विकायचा ठरला. त्याआधी मी त्याचे दहा मिनिटं आवाज घेतले, जवळून, दाराबाहेरून, माडीवरून. बाबांच्या कानाला हेडफोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पट्टा ढिला झालाय बघ. देण्याआधी आवळून दे त्यांना."