लेहच्या विमानात गॅस चालत नाही, मग चहा कशावर करता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लडाखच्या ट्रेकचे फोटो पाहिले की लोक हमखास विचारतात, ‘विमानानं जाता, मग आठ-दहा दिवसांचा गॅस नेता कसा?’

नेतच नाही. गॅसचा कॅन विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. रेल्वेनं न्यावा, तर १९८९च्या रेल्वे कायद्यात धोकादायक माल बाळगल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत कैद सांगितलीय. म्हणून घरून फक्त बर्नर जातो. गॅस आणि काडेपेटी लेहच्या बाजारात.

तिथे घाई करायची नाही. टेबलावरच्या शेगडीला लागणारा लांबुडका नोझलचा कॅन आणि ट्रेकिंगचा आट्यांचा बुटका कॅन यातल्या एकाचा बर्नर दुसऱ्यावर अ‍ॅडॅप्टरशिवाय बसत नाही. बर्नर खिशात घेऊनच दुकानात जा आणि तिथेच बसवून बघा. कॅनचं सील, वजन आणि त्यावरचा मजकूरही तपासा. २३० ग्रॅम लिहिलंय ते आतल्या गॅसचं वजन, डबा वेगळा. अर्धा वापरलेला किंवा पुन्हा भरलेला कॅन घेऊ नका.

आत काय भरलंय हे पाहायचं कारण थंडी. साधा ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो द्रवच राहतो, बर्नरपर्यंत पोचत नाही. आयसोब्युटेनला ही मर्यादा उणे १२च्या आसपास, प्रोपेनला उणे ४२. वर हवेचा दाब कमी म्हणून ब्युटेनला थोडी सवलत मिळते खरी, पण जळताना कॅन स्वतःच गार पडत जातो. त्यामुळे या वायूंच्या मिश्रणाचाच कॅन घ्यायचा आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत, पायाशी. वारा अडवायला कॅनभोवती पत्रा गुंडाळणारे महाभाग भेटतात. त्यानं कॅन तापून फुटू शकतो. बॅगांचा आडोसा करा, तोही हातभर लांब.

पण खरं इंधन वाचतं ते निघण्याआधी, आपल्या स्वयंपाकघरात. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. चहा होतो, तूरडाळ मात्र तासभर रटरटली तरी टणक. डाळ-तांदळाचा हट्ट असेल तर छोटा कुकर वाहा. मी तो हट्ट सोडलाय. भाजलेल्या रव्याचा उपमा, पातळ पोह्यांवर मेतकूट आणि गरम पाणी, सातूचं पीठ गुळाबरोबर गार पाण्यातच कालवून. असं खाल्लं तर गॅस फक्त पाणी तापवण्यापुरता लागतो. झाकण ठेवून, निवाऱ्यात, लिटरभर पाण्याला मी १५ ग्रॅम धरतो. वाऱ्याचा दिवस असेल तर दुप्पट. बर्फ वितळवायचा असेल तर हा हिशेब विसरा.

‘लाकूडफाटा मिळत नाही का?’ असंही विचारतात. झाडंच विरळ. तिथली माणसं झुडपं आणि वाळलेलं शेण साठवतात ते हिवाळ्यासाठी. एका चहासाठी त्याला हात लावू नये. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह थंडीत जास्त भरवशाचा, हे मान्य. पण पिन, काजळी आणि पिठाला लागणारा वास सांभाळायची तयारी हवी.

परतताना उरलेला गॅस लेहमध्येच एखाद्या ट्रेकरला देऊन टाका. रिकामे कॅनही तिथेच कचरा घेणाऱ्यांकडे द्या, कारण विमानात तेही चालत नाहीत. आणि स्टोव्ह रॉकेलचा असेल तर साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. वास आला तर तपासणीत तो बाजूला काढतात.