समुद्राची दिवाबत्ती

दर मार्चला पंचायतीचा शिपाई पावतीपुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर बसतो. घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर आणि दिवाबत्ती कर. पहिल्या तिन्हींना आमचे आबा काही बोलत नाहीत. चौथ्याला मात्र चष्मा कपाळावर जातो.

"दिवाबत्तीचे घेतोस, पण दिवा कुठाय रं?"

"त्यो काय खांबावर, आबा."

"खांब हाय. दिवा कुठाय?"

सांगलीपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. दारासमोरचा खांब दोन वर्षं अंधारात उभा आहे. पुढचा लख्ख जळतो, पण तो पडतो चुलतभावाच्या दारात, आणि भाऊबंदकीत उजेडाचीही वाटणी धरतात. पैसे आम्ही भरायचे नि अंगणात उजेड त्याच्या, हे आबांचं दुखणं.

गेल्या दिवाळीत रत्नागिरीला गेलो होतो. संध्याकाळी भगवती किल्ल्याजवळचं दीपगृह लागलं आणि मी सवयीने विचारलं, "याचं बिल कोण भरतं?" मेव्हणा बंदरात कामाला. तो म्हणाला, "जहाजं भरतात." म्हणजे समुद्रातसुद्धा दिवाबत्ती कर आहे! 1927 च्या दीपगृह कायद्यापासून ही पद्धत रीतसर चालत आली. भर समुद्रात पावतीपुस्तक घेऊन कोण हिंडणार? म्हणून जहाज बंदराला लागलं की सीमाशुल्कवाले वसूल करतात. जहाजाच्या टनांच्या, म्हणजे आतल्या जागेच्या मापाच्या, हिशेबाने आकारणी. एकदा भरलं की तीस दिवस पुन्हा मागायचं नाही, पण भरल्याशिवाय बंदर सोडायची परवानगीही नाही. आमच्याकडे दाखल्यासाठी गेलं की आधी घरपट्टीची पावती मागतात, तसलंच. 2021 च्या नव्या कायद्याने या कराचं नाव बदललं, कारण आता नुसता दिवा राहिला नाही. पाण्यावर तरंगणारे खुणेचे बोये, रेडिओचे संकेत, जहाजांची वाहतूक नियंत्रण यंत्रणा, सगळं त्यात आलं. त्यातही हमरस्ता आणि बोळ असा फरक आहेच. सगळ्या जहाजांच्या उपयोगाचे मोठे दिवे केंद्राच्या खात्याचे. एखाद्या बंदरापुरता दिवा ज्याचा त्याने बघायचा.

मला आवडलं ते 1927 च्या कायद्यातलं एक कलम. पन्नास टनांखालच्या जहाजांना माफी होती. म्हणजे कोळ्याची होडी त्याच उजेडात घरी यायची आणि एक पैसा देत नव्हती. खंडेरीच्या बेटावर 1867 पासून दिवा आहे. तेवढ्या वर्षांत त्याने किती होड्यांना फुकट वाट दाखवली असेल! अर्थशास्त्राच्या मास्तरांचं हे लाडकं उदाहरण: दिवा बघणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत, म्हणून तो सरकारनेच लावावा. पण 1974 साली अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी जुनी दप्तरं काढून दाखवलं, की इंग्लंडात बंदरावर पैसे गोळा करून दीपगृहं चालत होती, काही तर खासगीसुद्धा. आबांना यातलं काही सांगितलं नाही. ते म्हणाले असते, बंदर कुठाय आपल्याकडं?

बंदर नाही, पण दीपगृहासारखं एक आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 च्या महापुरात पाणी 57 च्या वर गेलं, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं रात्री दोनला फोन करून विचारायची, "आयर्विनला किती?" त्या रंगाच्या डब्याचे पैसे कुणी दिले, कुणी विचारलं नाही. आबांनीही नाही.

रत्नागिरीला त्या रात्री मी गच्चीवर झपके मोजत बसलो. मेव्हणा म्हणाला, प्रत्येक दिव्याची लय वेगळी. किती झपके, मधे अंधार किती सेकंद, हे कप्तान घड्याळ लावून बघतो, यादीशी ताडतो आणि आपण कुठल्या गावासमोर आहोत ते ओळखतो. दिव्याइतकाच अंधारही मोजून दिलेला.

गेल्या महिन्यात आमच्या खांबावर एकदाचा नवा एलईडी बसला. आत काहीतरी बिघाड आहे. चार सेकंद जळतो, विझतो, पुन्हा जळतो, रात्रभर. मी तक्रार लिहायला बसलो तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काल एस्टीतनं उतरलो, लांबनंच कळलं घर कुठाय त्ये."