प्रोस्टेटचं ऑपरेशन : सर्जन कसा निवडला

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला. पीएसए (या ग्रंथीच्या आजाराचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 11.2, एमआरआयमध्ये ग्रंथीच्या डाव्या बाजूला डाग आणि बायोप्सीत ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा अंक, 3+4, मध्यम. आजार ग्रंथीबाहेर गेलेला नाही हे पुढच्या स्कॅनमध्ये कळलं. ऑपरेशन आणि रेडिएशन, दोन्ही रस्ते खुले आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलून मी ऑपरेशन ठरवलं. ते कुठे आणि कोणाच्या हातून करून घ्यायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. घरोघरी याची चर्चा खर्चावर आणि ओळखीवर संपते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्या लातूरमध्ये ‘माझंही प्रोस्टेटचं झालंय, दोन दिवसांत घरी आलो’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांचं ऑपरेशन दुर्बिणीचं होतं. त्यात लघवीची वाट मोकळी करण्यासाठी वाढलेला भाग आतून खरवडून काढतात. कॅन्सरसाठी मात्र अख्खी ग्रंथी आणि तिच्यामागच्या वीर्यपिशव्या काढतात आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रनलिकेला पुन्हा शिवतात. ग्रंथीला अगदी लागून लघवी रोखणारा स्नायू असतो आणि दोन्ही कडांनी लैंगिक ताठरतेच्या नसा जातात. पूर्वी या नसा सर्रास कापल्या जायच्या. 1982 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी त्या ओळखून, जपून ऑपरेशन केलं आणि हे काम किती नाजूक हाताचं आहे ते जगाला कळलं.

लातूरचे माझे यूरोलॉजिस्ट मुतखड्याची आणि दुर्बिणीची ऑपरेशनं रोज करतात, हात उत्तम. मी शाळेत गणित शिकवायचो, त्यांचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी. मी सरळ विचारलं, ‘डॉक्टर, हे अख्खी ग्रंथी काढायचं ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता?’ ते म्हणाले, ‘सर, तीन-चार. माझ्या वडिलांचं असतं, तर आठवड्याला तेवढी करणाऱ्याकडे त्यांना घेऊन गेलो असतो.’ असं सांगणारा डॉक्टर मिळाला हे माझं भाग्य समजतो.

पुण्यातल्या मुलीने शोधाशोध केली आणि आम्ही दोघांनी बसून वाचलं. 2007 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 72 सर्जनांनी केलेल्या 7,765 ऑपरेशनांचा हिशेब मांडला होता. आधी दहाच ऑपरेशनं केलेल्या सर्जनकडे पाच वर्षांत पीएसए पुन्हा वर येण्याची, म्हणजे कॅन्सर परतल्याची खूण दिसण्याची, शक्यता 17.9 टक्के, तर 250 केलेल्याकडे 10.7 टक्के. पेशंटांच्या आजारातला फरक जमेस धरून काढलेले हे आकडे आहेत. म्हणजे सराव वाढतो तसा लघवीवरचा ताबाच काय, कॅन्सर परत येण्या-न येण्यातही फरक पडतो. मी तो तक्ता वहीत उतरवून घेतला.

त्याआधी 2002 साली अमेरिकेतच मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या वृद्ध पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला होता. ऑपरेशनमुळे होणाऱ्या मृत्यूंत त्यांना विशेष फरक दिसला नाही, कारण असे मृत्यू मुळातच थोडे असतात. पण ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती आणि पुढे राहणारे लघवीचे त्रास, ही ऑपरेशनं जास्त करणाऱ्या हॉस्पिटलांत आणि सर्जनांकडे कमी होते. त्यात आणखी एक गोष्ट होती आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटली: भरपूर ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांतही आपसात बराच फरक होता. तेव्हा नुसता आकडा विचारून भागत नाही, निकालही विचारावे लागतात.

एवढं सगळं करायला वेळ होता का? होता. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांना नियमित देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागून पंधरा वर्षं पाहिलं गेलं. तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनही भरत नाहीत. माझ्या ग्लीसनला हातावर हात धरून बसणं योग्य नव्हतं, पण काही आठवडे चौकशीत गेले तर बिघडणार नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. बायोप्सीनंतर ग्रंथीची सूज उतरायला थोडं थांबावं लागतंच.

पहिल्या मोठ्या हॉस्पिटलात आमची निराशा झाली. सर्जन भेटण्याआधीच पॅकेजचा कागद हातात आला. मी सर्जनचा अनुभव विचारला की समोरच्या बाई रोबो, म्हणजे ज्याचे यांत्रिक हात चालवून सर्जन ऑपरेशन करतो ते यंत्र, किती नवा आहे ते सांगायच्या. रोबो चांगलाच आहे, रक्त कमी जातं, पेशंट लवकर घरी जातो. पण 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या तुलनेत, पोट उघडून केलेलं आणि रोबोने केलेलं ऑपरेशन यांत तीन महिन्यांनी लघवी आणि लैंगिक क्षमता जवळपास सारखीच आढळली होती. यंत्रामागे कोण बसणार, ते किती वर्षं हेच करतायत, याचं उत्तर तिथे कोणी देईना. आम्ही निघालो.

मुंबईतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात त्यांनी आधी बायोप्सीच्या स्लाइड आणि बायोप्सीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागितले. लातूरच्या लॅबमधून ते घेऊन, रुमालात गुंडाळलेली छोटी प्लॅस्टिकची डबी छातीशी धरून मी रेल्वेने गेलो. प्रोस्टेटच्याच स्लाइड रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने त्या पुन्हा वाचल्या. ग्लीसन तोच आला, पण एका तुकड्यात आजार ग्रंथीच्या कवचाला टेकलेला असल्याची शंका त्यांनी नोंदवली. ही एक ओळ पुढे फार कामाला आली.

सर्जनना मी वहीतले प्रश्न वाचून दाखवले. तुम्ही स्वतः किती केलीत? माझ्या ऑपरेशनला पूर्ण वेळ तुम्हीच असणार, की काही भाग शिकणारे डॉक्टर करणार? वर्षानंतर तुमच्या किती पेशंटांना पॅड लागतो? काढलेल्या ग्रंथीच्या कडेला किती जणांत कॅन्सर सापडतो? ते जराही रागावले नाहीत. कॉम्प्युटरवर त्यांनी आपल्या पेशंटांची नोंद उघडली आणि माझ्या वयाच्या गटाचं वेगळं दाखवलं. शिकणारे डॉक्टर सुरुवातीचा काही भाग करतील, नसांचं आणि जोडणीचं काम मी करीन, असं स्पष्ट सांगितलं. मग कागदावर ग्रंथीचं चित्र काढून म्हणाले, ‘काका, उजव्या नसा मी वाचवीन. डावीकडे त्या स्लाइडमुळे थोडं बाहेरून जावं लागेल. तिथे नस वाचवायच्या नादात कॅन्सर मागे ठेवायचा नाही.’ सौ. शेजारीच बसली होती. लैंगिक आयुष्यावर काय परिणाम होईल तेही तिच्यासमोर मोकळेपणाने बोलले, आणि आम्हाला ते बरं वाटलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काढलेल्या ग्रंथीच्या कडा स्वच्छ आल्या, तिथे कॅन्सर नव्हता. हॉस्पिटलचा अनुभव म्हणजे नुसता सर्जनचा नव्हे, हे मला वॉर्डात कळलं. कंबरेखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधीच शिकवले होते. घरी सोडताना मूत्राशयात घातलेली नळी तशीच होती. तिला जोडलेल्या लघवीच्या पिशवीला सिस्टरने एक कार्ड बांधलं: ही नळी आम्हाला विचारल्याशिवाय कोणीही काढू नये, बदलू नये. सोबत वॉर्डचा नंबर. आतली शिवण ताजी असताना कोणी अंदाजाने दुसरी नळी घातली, तर सगळं काम फुकट जाऊ शकतं, असं तिने सौ.ला दोनदा समजावलं.

लातूरला आल्यावर एका रात्री लघवी पिशवीत उतरेना आणि ओटीपोट दुखायला लागलं. जवळच्या हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर नळी बदलायच्या तयारीला लागला. सौ.ने कार्ड पुढे केलं आणि वॉर्डला फोन लावला. पलीकडून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्याला थोड्या सलाइनने हलक्या हाताने नळी धुवायला सांगितलं. रक्ताची गुठळी निघाली आणि पिशवी भरू लागली.

नळी निघाल्यावर सुरुवातीला पॅड भिजायचे, उठता-बसता गळायचं, मन खचायचं. व्यायाम सोडले नाहीत. आता जोरात खोकलो तरच थेंबभर. ताठरता पूर्वीसारखी आलेली नाही, औषध चालू आहे. पीएसए 0.1 च्या खाली आहे. तो दर तीन महिन्यांनी लातूरला त्याच लॅबमध्ये करतो, आमचे यूरोलॉजिस्ट पाहतात आणि रिपोर्ट मुंबईला पाठवतात. त्यासाठी प्रवास करावा लागत नाही.

लातूरचे यूरोलॉजिस्ट आता अशा पेशंटांना माझा नंबर देतात. मी त्यांना माझी प्रश्नांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवतो. तिच्या शेवटी एक प्रश्न नंतर जोडलाय: घरी गेल्यावर रात्री नळी अडली, तर तुमच्याकडे फोन कोण उचलेल?